फिरता स्पीकर कसा निवडावा

मोबाइल किंवा पेनड्राइव्हमधली गाणी ऐकण्यासाठी स्पीकर घेताना तो सहज हलवता येतो का, हे आधी पाहावे. या कसोटीवर अहिल्यानगर जिल्ह्यात पहिला नंबर उसाच्या ट्रॅक्टरचा. लोणीजवळ प्रवरानगरला 1950 मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हा या सोयीची कल्पना कोणालाच नसावी.

ब्लूटूथचा डबा हातात धरावा लागतो. ट्रॅक्टर स्वतः चालतो, वर दोन ट्रॉल्या ऊसही ओढतो. बॅटरी 12 व्होल्टची, इंजिन चालू असेतो आपोआप भरणारी. दोन्ही मडगार्डांवर एकेक पेटी बसवली की डाव्या-उजव्या कानाचा प्रश्न मिटतो, पुढे कानांचाही.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55, रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. फिरता आवाज मात्र कुठलाच रहिवासी नसतो.

चाचणीसाठी दुकानात जायला नको. गाळप हंगामात रात्री दोनला अंथरुणातच ती होते. फडताळातली भांडी वाजली की पेटी उत्तम.

एवढ्या खर्चानंतर ट्रॉलीमागच्या रिफ्लेक्टरला पैसे उरत नाहीत. अडचण नाही. अंधारात ट्रॉली दिसली नाही, तरी ऐकू येते.