कोण बघतंय एवढं?

फॉर्मा मशीनवर चढायची वेळ झालेली असते आणि मुद्रितशोधक आणखी एक प्रूफ मागतो. तळटिपेतला एक अनुस्वार त्याला टोचत असतो. "अहो, कोण बघतंय एवढं?" सगळे विचारतात. पगार तोच, बढती नाही, वाचकाला तर पत्ताही लागणार नाही. तरी तो पेन्सिल खाली ठेवत नाही. मग शिक्का बसतो: वेडा आहे झालं.

या वेडाची मला मनापासून स्तुती करायची आहे. जगातलं जे काम टिकतं, ते या वेडावर टिकतं.

शहाण्यांचं म्हणणं सोपं असतं. माणूस मोबदल्यापुरतं राबतो. मोबदला वाढवा, काम वाढेल. फ्रेडरिक टेलरने १९११ साली या शहाणपणाचं शास्त्र मांडलं. अमेरिकेत बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात मजूर दिवसाला साडेबारा टन बिडाचे ठोकळे वाघिणीत चढवत. टेलरने लिहून ठेवलंय की एका मजुराची मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंट केली, कधी उचलायचं आणि कधी बसायचं हे त्याला ठरवून दिलं, आणि तो दिवसाला ४७ टन चढवू लागला. आजचं टार्गेट आणि इन्सेन्टिव्ह याच घराण्यातले. ओझी मोजायची असतात तिथे हे शास्त्र चालतंही. पण अनुस्वार कुठल्या काट्यावर तोलणार?

एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी दिली. काहींना मध्येच सुटलेल्या कोड्यामागे एक डॉलर दिला आणि पुढच्या खेपेला तो बंद केला. मोकळ्या वेळात ही मुलं कोड्यांकडे पूर्वीपेक्षा कमी वळली. ज्यांना कधीच काही मिळालं नव्हतं, त्यांची गोडी मात्र तशी आटली नाही. दोन वर्षांनी बालवाडीतल्या मुलांवर असाच प्रयोग झाला. चित्रं काढणं ज्यांना मुळातच आवडत होतं, त्यांना 'चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र' असं आधी सांगितलं. काही दिवसांनी तीच मुलं रंगीत पेनांकडे कमी फिरकू लागली. खेळाचा सौदा झाला, आणि सौदा संपला तसा खेळही संपला. वेडाला भाव ठरवून दिला की वेड दुकान बंद करतं.

हे वेड किती दूर नेऊ शकतं, ते पुण्यात बघावं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम अशा अनेक लिप्यांतल्या १,२५९ हस्तलिखितांचा आधार घेतला. एकेक श्लोक कागदाच्या माथ्यावर लिहायचा आणि खाली प्रत्येक पोथीतला फरक अक्षराअक्षराने टिपायचा, असं हे काम. केंब्रिजला गणित शिकलेले विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ साली मुख्य संपादक झाले. त्यांच्या हातचं आदिपर्व १९३३ साली पुरं झालं. १९४३ साली ते गेले आणि संपूर्ण आवृत्ती झाली १९६६ साली. टेलरचा आकडा ४७ टनांचा. इथला ४७ वर्षांचा. शेवट आपल्याला दिसेलच याची खात्री नसताना माणसं रोज सकाळी त्याच कागदांपाशी येऊन बसली. कुठल्याही वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मात या कामाला रकाना सापडणार नाही.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. वेडाची स्तुती म्हणजे फुकट राबवून घेण्याचा परवाना नव्हे. फ्रेडरिक हर्झबर्गने १९५९ साली पिट्सबर्ग भागातल्या इंजिनिअर आणि हिशेबनिसांच्या मुलाखतींवरून दाखवलं की तुटपुंजा पगार आणि जाचक साहेब माणसाला नाराज करतात. ते सुधारले की नाराजी जाते, पण कामात जीव ओतला जातो तो कामातूनच: काहीतरी साधल्याच्या समाधानातून, अंगावर घेतलेल्या जबाबदारीतून. म्हणून पगार पुरेसा द्या आणि वेळेवर द्या, म्हणजे घरखर्चाची चिंता टेबलावर येऊन बसणार नाही. आणि मग त्याला आणखी एक प्रूफ मागू द्या. त्याच्या वेडावर बक्षीस लावू नका, घड्याळही लावू नका.

कोण बघतंय एवढं? खरंच, कोणी बघत नाही. आपण पुस्तक उघडतो आणि विश्वासाने वाचत जातो. औषधाच्या बाटलीवरचं लेबल, पुलाचा खांब, शब्दकोशातला अर्थ, यांतलं काहीच आपण तपासत नाही. आपल्याला बघावं लागत नाही, कारण कुणीतरी वेड्याने ते आधीच बघून ठेवलेलं असतं.