हितचिंतक कसे व्हावे: नवशिक्यांसाठी

सर्वप्रथम घर निवडावं. धाकट्याला ऑटिझम, ताईला डिस्लेक्सिया आणि आईला चाळिशीत कळलेला एडीएचडी, असं भरलेलं घर मिळालं तर उत्तम. (बाबांचं निदान झालेलं नाही. ते फक्त लग्नापासून एकाच कापडाचे शर्ट शिवून घेतात.)

अशा घरी न कळवता जावं. आपल्याच माणसांकडे फोन करून कसलं जायचं? बेल दाबून ठेवावी. धाकटा कानांवर हात ठेवून कोपऱ्यात गेला, तर त्याचे गाल ओढून ‘ओळखलंस का मला?’ असं विचारावं आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहावं.

चहा येईस्तोवर ‘आमच्याकडे असलं कुणाला नव्हतं हो’ हे वाक्य टाकावं. ऑटिझम आणि एडीएचडी या दोन्हींत आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा असतो, हे जुळ्यांच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. न्यूरोडायव्हर्सिटीची, म्हणजे मेंदूंच्या नैसर्गिक वैविध्याची, कल्पना १९९८च्या आपल्या प्रबंधात मांडणाऱ्या ऑस्ट्रेलियन जुडी सिंगर यांना तर ऑटिझमची लक्षणं आई, स्वतः आणि मुलगी अशा तीन पिढ्यांत दिसली होती. पण तुम्ही विचलित होऊ नये. एसटीचं अख्खं वेळापत्रक तोंडपाठ असलेले, पंगत बसली की मांडवामागे जाऊन उभे राहणारे तुमचे काका या क्षणी मुळीच आठवू नयेत. शिवाय अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम या ग्रंथाप्रमाणे २०१३पर्यंत एकाच माणसाला ऑटिझम आणि एडीएचडी, अशी दोन्ही निदानं देता येत नव्हती. ग्रंथाला एका माणसात दोन निदानं पटत नव्हती, तुम्हाला एका घरात तीन कशी पटावीत?

आता मुख्य धडा, स्वयंपाकघर. धाकट्याला कुकरची शिट्टी सोसत नाही. आईच्या कानाशी गाणी नसली तर तिचं लक्ष उडतं आणि भाजी करपते. ताईला धडा मोठ्यानं म्हटल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. घर वन बीएचके. एकाचं औषध ते दुसऱ्याचं दुखणं, आणि थेरपिस्टच्या वहीत मात्र प्रत्येकाचं पान वेगळं. म्हणून यांनी आपली रीत बसवली आहे. कुकर चढला की ताई धाकट्याला हेडफोन देते आणि तीन बोटं दाखवते, म्हणजे तीन शिट्ट्या. मग ती इतिहासाचं पुस्तक घेऊन बाथरूममध्ये जाते. आई एकाच कानात इअरफोन घालते, दुसरा कान धाकट्यासाठी. चौथी शिट्टी झाली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. इथे तुम्ही हसावं आणि ‘बाथरूममध्ये कुणी अभ्यास करतं का?’ म्हणत ताईला टेबलाशी आणून बसवावं.

जाताना वेळापत्रकाचा एक रंगीत तक्ता भेट द्यावा. धाकटा त्यावर जीव टाकेल. तक्त्यात गुरुवारी इडली लिहिली आणि ताटात पोहे आले, की घर डोक्यावर घेईल. तक्ता भरायचा कुणी? एडीएचडी असलेल्या आईनं. हा विचार तुमच्या मनात येणार नाही, तोच तुमचा गुण.

कागदपत्रांचंही तसंच. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. ऑटिझम आहे, डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडी नाही. म्हणजे धाकट्याचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं ओळखपत्र) आणि ताईच्या दहावीच्या जादा वेळेचा दाखला, ही सगळी फाइल सांभाळायची ती यादीत जागाच नसलेल्या बाईनं. फाइल हरवली की ‘एवढं साधंही जमत नाही?’ म्हणावं. प्रत्येक कागदाच्या चार झेरॉक्स काढून एक संच स्वतःकडे ठेवणं, तारखेच्या आदल्या रात्री आठवण करणं, रांगेत तिच्याऐवजी उभं राहणं, असलं काही करू नये. त्यानं त्यांना खरोखर मदत होते, आणि मग सल्ला द्यायला काही उरत नाही.

तरीही कुणाला पुढची परीक्षा द्यायचीच असेल, तर डबा न्यावा. आधी मेसेज करावा, बेल न वाजवता दाराशी ठेवून निघावं. भाजी आणि भात एकमेकांना लागता कामा नये. रस्सा वेगळा. आणि डबा परत मिळेल अशी आशा ठेवू नये.