टाकीला टाकी लागते

भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. पुढे त्याच प्रवरा नदीवर निळवंडे धरणही उभं राहिलं. अकोले तालुक्याला पाणी अडवण्याचा एवढा मोठा वारसा. मग कुणी दिवाणखान्यात काचेची पाच धरणं बांधली तर हरकत का घ्यावी?

माशांची पहिली टाकी हौसेची. गप्पी माशाची मादी महिन्या-महिन्याला पिल्लं देते, म्हणून दुसरी. दोन नर फायटर मासे एकत्र नांदत नाहीत, म्हणून तिसरी. चौथी आजारी माशांचा दवाखाना. पाचवी मात्र ‘स्वस्तात मिळाली’. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन, हे टेबल वाकल्यावर कळतं.

माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला महिनाभर लागतो. एवढा धीर कुणाला? सकाळी टाकी भरली की संध्याकाळी मासे हजर, आणि ते दगावले की शिव्या नळाच्या पाण्याला.

मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झालं, तिथे टाक्या धुवायला पगारी माणसं होती. घरच्या मत्स्यालयाचा कर्मचारीवर्ग म्हणजे बायको, तीही बिनपगारी.

दमछाक टाळायचे उपाय सोपे आहेत. सगळ्या टाक्यांना एकाच हवेच्या पंपावर चालणारे स्पंजचे फिल्टर बसवावेत, आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावं, खाणं चिमूटभरच टाकावं आणि रिकामी झालेली टाकी विकून टाकावी. यातला शेवटचा उपाय कुणी केल्याचं ऐकिवात नाही. रिकाम्या टाकीत म्हणे आता कोळंबी ठेवायची आहे.