खेळ डी ड्राइव्हमध्ये, जीव सी ड्राइव्हमध्ये

पीसी फॉरमॅटला दिला की दुकानात एक प्रश्न ठरलेला असतो. “दादा, डेस्कटॉपवर काही आहे का? डॉक्युमेंट्समध्ये? नाही ना? मग मारतो विंडोज.” समोरचा बिनधास्त मान हलवतो. गेम डी ड्राइव्हमध्ये आहेत आणि डीला कोणी हात लावणार नाही, मग भ्यायचं कशाला? संध्याकाळी पीसी घरी येतो, गेम उघडतो आणि पहिल्याच स्क्रीनवर ‘कंटिन्यू’ गायब. फक्त ‘न्यू गेम’.

गेम शाबूत आहे, साठ-सत्तर जीबी जसेच्या तसे. गेले ते फक्त चार-दोन एमबी. पण खेळणाऱ्याचं स्वतःचं असं जे काही होतं, ते त्या चार-दोन एमबीतच होतं. गेम उद्या पुन्हा डाउनलोड करता येईल, तो कंपनीच्या सर्व्हरवर आहे. सेव्ह फाइल मात्र साऱ्या जगात तेवढी एकच होती.

आपल्याकडे हार्ड डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडायची जुनी सवय आहे. सीमध्ये विंडोज, डीमध्ये गेम आणि सिनेमे, ईमध्ये लग्नाचे फोटो. सी उडाला तरी बाकीचं वाचावं, एवढाच त्यामागचा विचार, आणि तो शहाणपणाचा आहे. गेम बसवताना इन्स्टॉलर विचारतो, कुठे बसवू? आपण सांगतो, डीमध्ये. तो निमूट तिथे बसतो आणि सेव्ह मात्र सीमध्ये लिहायला लागतो. त्याबद्दल विचारत नाही, सांगत नाही. माझा राग इथून सुरू होतो.

गोष्टीतल्या राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडे पोपटात असायचा. पण त्या पोपटाचा पत्ता निदान राक्षसाला तरी ठाऊक असायचा.

‘हॉलो नाइट’ घ्या. 2017 सालचा, अतिशय देखणा आणि मनापासून केलेला गेम. त्याची सेव्ह शोधायची तर आधी सी ड्राइव्ह, मग युझर्स, मग तुमच्या नावाचं फोल्डर, मग ॲपडेटा. बहुतेकांची गाडी इथेच अडते, कारण ॲपडेटा हे फोल्डर विंडोजने मुळातच लपवलेलं आहे. ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘लपवलेल्या गोष्टी दाखव’ असं सांगितल्याशिवाय ते दिसतच नाही. दिसलं की आत तीन दारं: लोकल, लोकललो आणि रोमिंग. लोकललोत जायचं, तिथे ‘टीम चेरी’ या स्टुडिओच्या नावाचं फोल्डर, त्यात गेमचं फोल्डर आणि त्यात ‘यूझर१.डॅट’. हाच तुमचा सगळा प्रवास, जिंकलेल्या सगळ्या लढायांसकट.

तीन दारांपैकी कुठलं, हे कोण ठरवतं? बऱ्याचदा कोणीच ठरवत नाही. युनिटी या इंजिनात गेम केला की सेव्ह आपोआप लोकललोत जाते. हे फोल्डर विंडोज व्हिस्टाच्या काळात आलं ते ब्राउझरसारख्या प्रोग्रामांसाठी, ज्यांना मुद्दाम कमी अधिकार देऊन चालवायचं होतं. अनरीअल इंजिन वापरलं की सेव्ह लोकलमध्ये. ‘एल्डन रिंग’ची सेव्ह रोमिंगमध्ये. रोमिंग हे ऑफिसच्या नेटवर्कसाठी केलेलं फोल्डर: कर्मचारी दुसऱ्या मशीनवर बसला तर त्याच्या सेटिंग्ज त्याच्या मागोमाग तिथे याव्यात म्हणून. घरातल्या एकुलत्या एका पीसीवर खेळणाऱ्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग नाही. इंजिनाने जी जागा दिली ती दिली. तुमच्या शंभर तासांची फाइल कुठे राहणार, हा प्रश्न कोणाच्या टेबलावर आलाच नाही.

आणि हे तरी नशीब म्हणायचं, कारण इथे निदान कॉपी करायला फाइल आहे. युनिटीत ‘प्लेअरप्रेफ्स’ नावाची सोय आहे. ती आवाजाची पातळी, स्क्रीनचा आकार अशा किरकोळ गोष्टी लक्षात ठेवण्यासाठी आहे आणि विंडोजवर ती थेट रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या सेटिंग्जच्या कोठारात, लिहिते. काही गेम खेळणाऱ्याची प्रगतीसुद्धा तिथेच लिहून मोकळे होतात. म्हणजे कॉपी करायला फोल्डर नाही, पेन ड्राइव्हवर घ्यायला फाइल नाही. रजिस्ट्री एडिटर उघडायचा आणि हात थरथरू न देता त्यातली नेमकी फांदी बाहेर काढायची. दहावीतल्या पोराने हे करावं अशी अपेक्षा आहे का?

काही कंपन्यांना ॲपडेटा नको, त्या डॉक्युमेंट्समध्ये शिरतात. ‘स्कायरिम’ तिथे ‘माय गेम्स’ या फोल्डरात असतो. ‘जीटीए फाइव्ह’ माय गेम्सच्या बाहेर, ‘रॉकस्टार गेम्स’ नावाचं स्वतःचं बिऱ्हाड थाटतो. ‘विचर थ्री’ आणखी तिसरीकडे, थेट डॉक्युमेंट्समध्ये. डॉक्युमेंट्समध्ये आपण सातबाऱ्याचे स्कॅन ठेवतो, आधार कार्ड ठेवतो, पोरीच्या ॲडमिशनचे फॉर्म ठेवतो. तिथे न विचारता येऊन राहायचा हक्क यांना कोणी दिला?

बरं, आता विंडोज डॉक्युमेंट्स उचलून वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये नेऊन ठेवतं. नवा लॅपटॉप सुरू करताना दोन-तीन वेळा ‘नेक्स्ट’ दाबलं की बऱ्याचदा ते झालेलंच असतं. फुकटची जागा 5 जीबी. स्कायरिमसारखा गेम एकामागून एक नव्या सेव्ह लिहीत जातो, एकेक काही एमबीची. जागा भरते, वनड्राइव्ह बोंब मारायला लागतं, वैतागून माणूस त्यातलं काहीतरी डिलीट करतो आणि ते पीसीवरूनही जातं, कारण ते एकच फोल्डर आहे. यात खेळणाऱ्याची चूक कुठे झाली? कुठेच नाही.

हे सगळं टाळायची जागा विंडोजमध्ये तयार आहे, म्हणून जास्त चीड येते. 2007 साली व्हिस्टा बाजारात आलं आणि प्रत्येकाच्या नावाच्या फोल्डरात ‘सेव्हड गेम्स’ नावाचं एक फोल्डर आलं. लपवलेलं नाही. डॉक्युमेंट्सच्या शेजारी उभं. नावात काम लिहिलेलं. आजच्या विंडोज 11 मध्येही आहे, उघडून बघा. बहुतेकांच्या पीसीवर ते जवळपास रिकामं सापडेल.

रिकामं का, याचं एक कारण मायक्रोसॉफ्टच्या घरातच आहे. मायक्रोसॉफ्टच्याच सी शार्प भाषेत गेम लिहिणाऱ्याला डॉक्युमेंट्सचा पत्ता हवा असेल तर तिच्या डॉटनेट या साधनसंचात एक तयार यादी आहे. डेस्कटॉप, म्युझिक, पिक्चर्स, ॲपडेटा, सगळ्यांची नावं तिच्यात आहेत. सेव्हड गेम्सचं नाही. तो पत्ता हवा असेल तर विंडोजच्या आतल्या फंक्शनला वेगळी हाक मारावी लागते. घर बांधलं आणि दारावर पाटी लावलीच नाही. मग तिथे कोण येणार?

स्वतः मायक्रोसॉफ्टही येत नाही! ‘एज ऑफ एम्पायर्स टू’ची 2019 ची डेफिनिटिव्ह आवृत्ती मायक्रोसॉफ्टचीच. ती तुमच्या नावाच्या फोल्डरात, सेव्हड गेम्सच्या अगदी शेजारी, ‘गेम्स’ नावाचं नवंच फोल्डर करते आणि सेव्ह तिथे ठेवते. 2023 चा ‘स्टारफील्ड’ही त्यांच्याच मालकीच्या स्टुडिओचा. तो स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतला तर सेव्ह डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्समध्ये. एक्सबॉक्स ॲपवर घेतला तर ॲपडेटात खोल ‘पॅकेजेस’मध्ये, आणि तिथे फाइलींची नावं म्हणजे नुसते आकड्या-अक्षरांचे पुंजके. एकच गेम, एकच मालक आणि घरं दोन. स्टीमवरून एक्सबॉक्स ॲपवर जाणाऱ्याने आपली सेव्ह कशी न्यायची, ते ज्याचं त्याने बघावं.

ज्यांनी सुधारणा केली त्यांचं नाव मात्र घ्यायला हवं. विचर थ्री 2015 चा, तो डॉक्युमेंट्समध्ये. तो करणाऱ्या सीडी प्रोजेक्ट या कंपनीचाच ‘सायबरपंक 2077’ 2020 चा, आणि त्याची सेव्ह सेव्हड गेम्समध्ये, कंपनीच्या नावाखाली, शिस्तीत. म्हणजे ठरवलं तर जमतं.

यावर लगेच उत्तर येतं, “अहो, क्लाउड आहे ना!” स्टीम क्लाउड 2008 पासून आहे आणि चांगला आहे. पण तो गेमला जोडायचा की नाही हे गेम करणारा ठरवतो, खेळणारा नाही. जिथे वापरलाय तिथेही तो बॅकअप नव्हे, ती फक्त आरशातली प्रत. इथली फाइल बिघडली की बिघडलेली फाइल तिकडे जाते. मध्येच लाइट गेली, नेट गेलं, की पुढच्या वेळी खिडकी येते: इथली सेव्ह ठेवू की क्लाउडवरची? दोन तारखा, दोन वेळा आणि उत्तर द्यायला तुम्ही. चुकलात की एक कायमची गेली.

कन्सोलवर तर फाइल हातात येण्याची सोयही कमी होत चाललीय. प्लेस्टेशन 4 वर सेव्ह पेन ड्राइव्हवर घेता यायची. प्लेस्टेशन 5 वर त्या मशीनसाठी केलेल्या गेमची सेव्ह तेवढी वेगळी काढून पेन ड्राइव्हवर घेता येत नाही. क्लाउडवर ठेवायची तर वर्गणी भरा. माझेच तास, आणि ते जपून ठेवायला भाडं मी भरायचं. हे मला मान्य नाही.

दुसरं उत्तर असं की सेव्ह उघड्यावर ठेवली तर लोक तिच्यात फेरफार करतील, फुकटचे पैसे वाढवतील. वाढवू देत की. एकट्याने खेळायच्या गेममध्ये कोणाचं काय जातं? आणि ज्याला फेरफार करायचाय तो ॲपडेटा पाच सेकंदांत उघडतो. लपवल्याने अडतो तो साधा माणूस, ज्याला फक्त आपली फाइल एका पीसीवरून दुसऱ्यावर न्यायची आहे.

सायबर कॅफेच्या काळात ‘व्हाइस सिटी’ खेळलेल्यांना हे पटकन कळेल. माय डॉक्युमेंट्समध्ये ‘जीटीए व्हाइस सिटी यूझर फाइल्स’ नावाचं फोल्डर आणि सेव्हच्या जागा आठ. कॅफेतल्या एका पीसीवर दिवसभरात कितीतरी पोरं बसायची, आणि आपली सेव्ह उद्या त्या जागेवर राहील याची कोणालाच खात्री नसायची. ज्याला ते फोल्डर सापडलं तो आपली फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन जायचा आणि दुसऱ्या दिवशी परत आणून टाकायचा. ते फोल्डर उघड्यावर होतं म्हणून हे जमलं. लोकललोत असतं तर त्या पोरांना रोज पहिल्या मिशनपासून सुरुवात करावी लागली असती.

चांगलं काम कसं दिसतं तेही सांगतो. ‘स्टारड्यू व्हॅली’ची सेव्ह रोमिंगमध्ये आहे, म्हणजे जागा चुकलेलीच. पण आतली मांडणी बघण्यासारखी आहे. प्रत्येक शेताचं एक फोल्डर, त्यावर शेतकऱ्याचं तुम्ही ठेवलेलं नाव आणि पुढे एक आकडा. आत सेव्ह, तिची छोटी माहिती देणारी दुसरी फाइल आणि आदल्या दिवसाची जुनी प्रत. फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर वाचता येते: कोंबड्या किती, पैसे किती, कोणाशी किती मैत्री. अख्खं फोल्डर उचलून मैत्रिणीला दिलं की शेत तिच्या पीसीवर सुरू.

‘माइनक्राफ्ट’च्या जावा आवृत्तीने त्याहून साधी गोष्ट केलीय. आपल्या जगाच्या ‘एडिट’मध्ये गेलं की तिथे ‘ओपन वर्ल्ड फोल्डर’ असं बटण आहे. दाबलं की फोल्डर समोर. पत्ता पाठ करायला नको, लपवलेल्या गोष्टी दाखवायला नकोत. जागा रोमिंगमधलीच, पण त्या एका बटणाने निम्मं भांडण मिटतं.

आज कुठल्या गेमची सेव्ह कुठे आहे हे सांगायचं काम पीसीगेमिंगविकी या वेबसाइटवरची माणसं करतात, आपल्या फावल्या वेळात, हजारो गेमांसाठी. त्यांच्या माहितीवर ‘लुडुसावी’ नावाचं मोफत साधन चालतं, जे या सगळ्या बिळांमध्ये शिरून सेव्ह गोळा करून एका जागी ठेवतं. ज्यांच्या पीसीवर जिवापाड जपलेली एखादी सेव्ह आहे त्यांनी ते आजच बसवावं. या लोकांचे आभार मानावे तेवढे थोडे. पण गेम विकून पैसे कमावणाऱ्यांनी जे सांगायला हवं ते गेम खेळणाऱ्यांना शोधून लिहून ठेवावं लागतं, ही लाजिरवाणी गोष्ट आहे आणि ती मोठमोठ्या कंपन्यांना अजून लाजिरवाणी वाटत नाही.

मागणी मोठी नाही. सेव्ह सेव्हड गेम्समध्ये ठेवा. खेळणाऱ्याने डी सांगितला तर सेव्हसुद्धा डीमध्ये ठेवायची मुभा द्या. गेम काढून टाकताना सेव्ह ठेवायची की पुसायची, ते विचारा.

आणि हे मी आपल्याकडे गेम करायला शिकणाऱ्यांनाही सांगतोय. पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरात आज पोरं-पोरी युनिटी शिकतायत, पहिला गेम करतायत. धड्यात जो सेव्हचा पत्ता दिलेला असतो तोच ती लिहितात, आणि फाइल लोकललोत जाऊन पडते. शिकवणाऱ्यांनी यावर एक तास द्यावा. सेव्हड गेम्सची भानगड पहिल्या गेमला जड वाटली तर राहू दे, पण निदान बटण तरी द्या. आहे ती जागा एक्सप्लोररमध्ये उघडून दाखवायला युनिटीत एक ओळ पुरते, आणि मेनूत ‘क्रेडिट्स’च्या शेजारी त्या बटणाला जागाही आहे.