पंचवीस हजारांतला चक्रवाक

पन्नाशी गाठलेल्या पुणेकराला एक तर साखर निघते, नाहीतर पक्षी दिसायला लागतात. साखरेवर गोळ्या आहेत. पक्ष्यांचं तसं नाही. रविवारी पहाटे पक्षी पाहायला कवडीपाटला नेणारा मित्र भेटला, की गृहस्थ कामातून गेलेच म्हणून समजावं. मित्र दुर्बिणीतून चक्रवाक दाखवतो, गृहस्थ उत्साहाने मोबाइल काढतात आणि घरी येऊन तो फोटो दोन बोटांनी ताणत बसतात. "अहो, हा दगड आहे का?" असं बायकोने विचारलं, की त्याच संध्याकाळी कॅमेऱ्याची चौकशी सुरू होते.

पहिलं स्वप्न अर्थातच डीएसएलआरचं. ते लेन्सची किंमत कळेपर्यंत टिकतं. 150-600 मिमीची नुसती लेन्स लाखाच्या घरात, वजन दोन किलोंच्या आसपास, आणि कॅमेरा वेगळा. गृहस्थांचं बजेट पंचवीस हजार. एवढ्यात जे बसतं त्याला ब्रिज कॅमेरा म्हणतात. तो दिसायला डीएसएलआरचा धाकटा भाऊ, आतला जीव मात्र खिशातल्या कॅमेऱ्याएवढा, आणि लेन्स कायमची जडवलेली.

त्याच्या खोक्यावर सगळ्यात ठळक काय असेल, तर झूमचा आकडा. 50एक्स, 65एक्स, 83एक्स! जितके एक्स जास्त तितकं लांबचं दिसतं, अशी सार्वत्रिक समजूत आहे आणि ती दूर करायची दुकानदाराला काहीच घाई नसते. वास्तविक एक्स म्हणजे निव्वळ भागाकार. लेन्सच्या लांबच्या टोकाच्या मिमीला रुंद टोकाच्या मिमीने भागायचं. कॅननचा एसएक्स70 हा 21 मिमीपासून 1365 पर्यंत जातो, म्हणून 65एक्स. सोनीचा एच400 सुरूच 24.5 ला होतो आणि 1550 ला पोचतो, तो 63एक्स. म्हणजे दोन एक्स कमी असूनही सोनीची मजल लांबची! कॅननचं रुंद टोक लग्नाच्या ग्रुप फोटोत कडेचे मावसभाऊ मावायला फार उपयोगी. चक्रवाकाला त्याचं सोयरसुतक नाही.

बरं, हे हजार-दोन हजार मिमी येतात कुठून? 2015 साली आलेल्या निकॉन पी900 वर 2000 मिमी असं सांगतात, पण ती लेन्स प्रत्यक्षात 357 मिमीचीच आहे. आतला सेन्सर साधारण 6.2 बाय 4.6 मिमीचा, करंगळीच्या नखाहून लहान. त्याला चित्राचा मधला तुकडाच दिसतो, म्हणून सगळं जवळ आल्यासारखं वाटतं. या चिमुकलेपणाची किंमत उजेडात मोजावी लागते. पूर्ण झूमवर लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र एफ/6.5 पर्यंत आकसतं. सकाळी सहाला, पक्षी सगळ्यात देखणे असतात तेव्हा, कॅमेरा आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, चढवत नेतो आणि पिसांचा रवा होतो. दुपारी बाराला उजेड मुबलक, पण तेव्हा भिगवणच्या पाण्यावरची हवा तापलेली असते आणि एका पायावर शांत उभा असलेला रोहित पक्षी फोटोत थंडी वाजल्यासारखा थरथरतो. त्यात कॅमेऱ्याची चूक नाही. तेवढी हवा मध्ये असली, की महागडी लेन्सही हात टेकते.

पी900 ची कीर्ती मात्र पक्ष्यांनी नव्हे, चंद्राने केली. हातात धरलेल्या कॅमेऱ्यातून चंद्रावरची विवरं दाखवणारे व्हिडिओ जगभर फिरले. पृथ्वी सपाट आहे असं मानणाऱ्यांनी तर त्याला डोक्यावरच घेतलं. क्षितिजाजवळचं धूसर जहाज झूम करून स्पष्ट दिसलं, की त्यांच्या मते पृथ्वीची गोलाई संपली. पुढे 2018 मध्ये 3000 मिमीचा पी1000 आला. त्यात बहुतेक वेळा अख्खा चंद्र चौकटीत मावतच नाही. शिवाय चंद्र स्वतःच्या रुंदीएवढा सरकायला दोनच मिनिटं घेतो, म्हणजे तिवईवर कॅमेरा लावून चहा आणायला गेलं, की परत येईपर्यंत चंद्र निघून गेलेला. आणि वजन 1.4 किलो. गळ्यात अडकवून सिंहगड चढणाऱ्याला शुभेच्छा.

स्वस्ताईच्या दुसऱ्या टोकाला सोनीचा एच300 आहे. 35एक्स, चार पेन्सिल सेलवर चालणारा. टीव्हीच्या रिमोटमधले साधे सेल काढून घातले, तर तो थोड्याच वेळात मान टाकतो; अल्कलाइन किंवा रिचार्जेबलच लागतात. पण खरी अडचण सेलची नाही. त्याला डोळा लावायला व्ह्यूफाइंडरच नाही. भर उन्हात मागच्या पडद्यावर पक्ष्याऐवजी गृहस्थांना स्वतःचाच घामेजलेला चेहरा दिसतो. व्ह्यूफाइंडर असला की कॅमेरा कपाळाला टेकतो, कोपरं छातीशी येतात, हात स्थिर होतो. पैसे वाचवायचे तर एक्सवर वाचवावेत, व्ह्यूफाइंडरवर नाही.

आणखी एक बटण असतं, ज्याची जाहिरात कुणी करत नाही. पूर्ण झूम केल्यावर चौकटीत नुसत्या फांद्या दिसतात, पक्षी कुठे गेला कळत नाही. "त्या वाय आकाराच्या फांदीच्या डावीकडे" असं मित्र सांगतो. चौकटीतली प्रत्येक फांदी वाय आकाराचीच असते. अशा वेळी कॅननच्या एसएक्स50 वर लेन्सच्या कडेचं बटण दाबलं, की झूम मागे येतो, पक्षी सापडतो आणि बोट सोडताच झूम पुन्हा होता तिथे जातो. पी900 लाही अशी सोय आहे. ज्याने एकदा ती वापरली, तो मेगापिक्सेलवर वाद घालत नाही.

हे सगळं घोकून दुकानात गेलं, तर तिथे मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. जपानी कंपन्यांनी 2010 मध्ये लेन्स जडवलेले दहा कोटींहून अधिक कॅमेरे बाजारात पाठवले होते. 2023 मध्ये हा आकडा वीस लाखांनाही पोचला नाही. बाकीचं मोबाइलने खाल्लं. 2025 मध्ये निकॉनने पी1100 आणला, त्यातला मोठा बदल म्हणजे चार्जिंगचं भोक. एवढं कळल्यावर शहाणा माणूस सेकंडहँडकडे वळतो आणि मुंबईला फोर्टातल्या बोरा बाजारात जाऊन उभा राहतो.

"साहेब, एकदम टकाटक पीस. डॉक्टरांनी वापरलाय." वापरलेल्या वस्तूंचे पूर्वीचे मालक नेहमी डॉक्टरच का असतात, हे एक कोडंच आहे. गृहस्थांनी मोबाइलचा टॉर्च लावून लेन्समध्ये तिरका उजेड टाकावा. मुंबईच्या दमट हवेत भिंगावर फंगसची बारीक जाळी धरते, ती तेव्हाच दिसते. झूम आत-बाहेर करताना कान लावावा. स्वतःचं कार्ड घालून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून पाहावा, कारण इथे लेन्स निघत नाही आणि सेन्सरवर बसलेली धूळ घरी झाडता येत नाही.

काचेमागे 2012 सालचे दोन जुने सवंगडी होते. एसएक्स50 ची मजल 1200 मिमीपर्यंत, पण व्ह्यूफाइंडर दोन लाख ठिपक्यांचा, त्यातून चक्रवाकसुद्धा दगडच दिसेल. पॅनासॉनिकचा एफझेड200 निम्म्यावर, 600 मिमीलाच थांबतो; पण त्या टोकालाही छिद्र एफ/2.8, म्हणजे एफ/6.5 च्या पाचपट उजेड, आणि व्ह्यूफाइंडर तेरा लाख ठिपक्यांचा. पहाटेच्या पक्ष्यांसाठी दुसराच घ्यावा. गृहस्थांनी तोच घेतला, वर बजेटमध्ये जादा बॅटरी आणि सिलिका जेलची पाकिटंही बसवली.

सोसायटीच्या लिफ्टमध्ये शेजाऱ्याने गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहून विचारलं, "किती एक्स?"

"चोवीस."

"माझ्या फोनमध्ये शंभर आहे."

सहाव्या मजल्यापर्यंत शेजाऱ्याला भागाकार ऐकावा लागला.