वार्का की तारकर्ली?

ठाण्यातल्या मॉलमध्ये शिरताना, पॉपकॉर्नचा वास सुरू होण्याच्या जरा अलीकडे, एक टेबल असतं आणि त्यावर लकी ड्रॉच्या चिठ्ठ्यांची काचेची पेटी. चिठ्ठी भरली की आठवड्याभरात बक्षीस लागल्याचा फोन येतो. ते घ्यायला नवरा-बायकोनं जोडीनंच यायचं असतं, कारण एकट्या आलेल्या नवऱ्याला ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून निसटता येतं. दीड तासाच्या गोडीगुलाबीनंतर टाइमशेअरचं, म्हणजे आगाऊ पैसे भरून दरवर्षी ठरावीक रात्री रिसॉर्टची खोली मिळवण्याचं, सदस्यत्व घ्यायचं की नाही हा प्रश्न मागे पडतो आणि ‘काका, तुम्हाला बीच कुठला आवडेल, गोवा की कोकण?’ एवढाच उरतो. काका मालवण म्हणतात, काकू गोवा म्हणतात, आणि समोरचा मॅनेजर शांतपणे कॅल्क्युलेटर काढतो. या भांडणात दोघंही समुद्राबद्दल बोलतात, आणि समुद्र तर दोन्हीकडे अरबीच. गोव्यातल्या वार्काची वाळू चांगली, मालवणजवळच्या तारकर्लीचं पाणी नितळ, हे कबूल. पण निकाल लागायला हवा तो शाळेची सुट्टी, रेल्वेचं तिकीट आणि खोलीचं भाडं यांवर. तसा लावला तर काकू बरोबर ठरतात. पैसे अडकवायचेच असतील तर ते गोव्यासाठी. तारकर्लीसाठी एक रुपयाही नको.

याचं कारण तारकर्ली वाईट आहे हे नव्हे. ती स्वस्त आहे, हे आहे. एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशा तिच्या शेजारच्या देवबागच्या चिंचोळ्या पट्टीवर घरोघरी खोल्या भाड्यानं मिळतात. सकाळी घरमालकीण दारात येऊन ‘जेवणाक सुरमई की बांगडो?’ एवढंच विचारते. सदस्यत्वाचा क्रमांक विचारत नाही. शिवाय डोंबिवलीतल्या कितीतरी घरांकडे कोकणातला टाइमशेअर पिढ्यान्‌पिढ्या आहेच. गावचं सामाईक घर म्हणजे दुसरं काय? सातबाऱ्यावर अकरा नावं, गणपतीत सगळ्यांना एकाच वेळी हवं, जुलैत कुणालाच नको, कौलं शाकारायची वर्गणी दरवर्षी, आणि बाहेर पडायचं म्हटलं तर पुण्याच्या चुलत्याची सही मिळत नाही. कंपनीच्या करारातलं प्रत्येक कलम या घरानं आधीच लावलेलं आहे. ज्यांचं मूळ गाव खानदेशात किंवा देशावर आहे त्यांना हे घर नाही, हा आक्षेप रास्त. पण देवबागची खोली त्यांनाही त्याच भावात मिळते.

गोव्याची गोष्ट वेगळी. नाताळात तिथल्या किनाऱ्यावरच्या खोलीचं भाडं ऐकूनच ताप भरतो, म्हणून आगाऊ पैसे भरून ठेवण्यात निदान काही तर्क आहे. पाऊसही गोव्याच्या बाजूनं बोलतो. ३१ ऑगस्टपर्यंत मालवणचं स्कूबा आणि किल्ल्याच्या होड्या बंद. गोव्यातले शॅकही मे संपला की उतरवतात, पण मंगेशी, शांतादुर्गा आणि जुन्या गोव्यातली चर्च काही गुंडाळून ठेवत नाहीत. प्रवास मात्र दोन्हीकडे सारखाच. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालूच आहे. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, आणि गणपतीचं असेल तर काही मिनिटांत संपतं. मांडवी एक्सप्रेस ठाण्याला येते सकाळी आठच्या आत. म्हणजे डोंबिवलीकरानं तीन बॅगा, दोन मुलं आणि लाडवांचा डबा घेऊन ऐन गर्दीच्या सीएसएमटी लोकलमध्ये शिरायचं. सात रात्रींचा खरा साहसी खेळ तो, आणि तो पॅकेजमध्ये धरलेला नसतो.

‘पण पुढं भाडी वाढतील, आज घेतलेलं स्वस्त पडेल,’ असं विक्रेता म्हणतो. तर हिशेब करू. समजा सदस्यत्व पाच लाखांचं, दरवर्षी सात रात्री, २५ वर्षं. वर देखभाल खर्च वर्षाला २० हजार. म्हणजे रात्रीला सुमारे ५,७०० रुपये, आणि देखभाल खर्च दरवर्षी वाढणार तो वेगळाच. तेच पाच लाख सात टक्क्यांच्या मुदत ठेवीत टाकले तर वर्षाला ३५ हजार व्याज. न भरलेले २० हजार त्यात मिळवले तर रात्रीला साडेसात हजारांच्या वर पैसे हातात येतात, आणि मुद्दल जागच्या जागी राहतं. व्याजावरचा कर वजा केला तरी देवबागला सुरमई खाऊन पैसे उरतील. दुसरा युक्तिवाद असा, की गोवा नको तर ते आठवडे बदलून बालीला जा. जाता येतं; पण बदलायला आधी आपल्या हातात कुणाला हवासा आठवडा लागतो, आणि तसले आठवडे मे, दिवाळी आणि नाताळातच असतात. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या सगळ्या शाळांना सुट्टी एकाच वेळी लागते. स्वस्तातला हंगाम घेणाऱ्याच्या वाट्याला येतो तो सहामाही परीक्षेचा आठवडा.

आणि सही केल्यावर पस्तावलं तर? युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमांनुसार टाइमशेअर घेणाऱ्याला १४ दिवसांत विनाकारण माघार घेता येते, आणि त्या मुदतीत त्याच्याकडून आगाऊ पैसे घ्यायलाही मनाई आहे. भारतात टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून काकूंना गोवाच हवा असेल तर जरूर घ्या, पण सही करण्यापूर्वी एवढंच मागा: पुढच्या मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात चौघांना सात रात्री खोली मिळेल, असं कंपनीच्या कागदावर लिहून द्या. लिहून दिलं नाही तर बक्षिसाचा कॅसरोल घेऊन थेट घरची वाट धरा.