वाईत काय बघाल? बिहार!

पुण्याहून महाबळेश्वरला निघालेली गाडी सुरूर फाट्याला आत वळते, तेव्हा गाडीतल्या मंडळींच्या लेखी वाई म्हणजे मिसळ आणि प्रसाधनगृह. अलीकडे त्यात तिसरं कलम वाढलंय: ‘तो सीन’ बघणे.

वाईला सीनची टंचाई नाही. ‘गंगाजल’मध्ये (२००३) हे गाव बिहारातलं तेजपूर झालं. ‘स्वदेस’मध्ये (२००४) शेजारची मेणवली उत्तर प्रदेशातलं चरणपूर झाली. ‘दबंग’ला (२०१०) पुन्हा उत्तर प्रदेश आणि ‘चेन्नई एक्स्प्रेस’ला (२०१३) थेट तमिळनाडू. एवढ्या राज्यांची कामं केली गावानं. वाईचं काम मात्र कोणी दिलं नाही. तिथं बहुधा ऑडिशनलाच नापास.

तर पर्यटक मेणवलीच्या घाटावर उतरतो. हातात मोबाइल, मोबाइलवर सिनेमातली थांबवलेली फ्रेम. आता समोरचा घाट त्या फ्रेमशी जुळवायचा. बायकोला पायऱ्यांवर धाडलं जातं. ‘दोन पायऱ्या खाली. आता डावीकडे. अगं, नदीकडे नको बघू, नदी सीनमध्ये नाहीये!’ नदी कृष्णा आहे, तिलाही सरकायला सांगितलं असतं, पण तेवढा आवाज पोचत नाही. मग पोरांना बोलावलं जातं, धाकटा रडतो, थोरला चप्पल पाण्यात घालवतो, सासूबाई ‘ऊन लागतंय’ म्हणतात, आणि मागून दुसरं कुटुंब ‘झालं का तुमचं, आम्हालाही तीच पायरी हवीय’ म्हणत रांगेत उभं राहतं. अठराव्या शतकातल्या या घाटाला पायऱ्या आहेत भरपूर, पण मागणी एकीलाच. शेजारी नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा. इथल्या मेणवली दप्तरातल्या कागदांवर पेशवाईच्या अभ्यासकांनी उमेदीची वर्षं घातली. तिथं एकच प्रश्न विचारला जातो: ‘हिरोईन कुठल्या खांबाला टेकली होती?’

इथवर हसायला हरकत नाही. पण घाटावर एक घंटा आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात आल्या. एक भीमाशंकरला गेली, एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात, एक इथं आली. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे, आणि ती माउली महादेवाच्या शेजारी सुखानं नांदते आहे. पर्यटक काय करतो? टिचकी मारून बघतो. ‘फायबरची असेल. शूटिंग झाल्यावर नेली नाही वाटतं.’ अरे, वसईच्या तटाखाली हजारो माणसं पडली, कोकणातून एवढं धूड सह्याद्री चढवून आणलं, ते काय तुमच्या पिक्चरचं सामान म्हणून? खरी वस्तू समोर टांगलेली असताना ती खोटी असणार हेच गृहीत? आणि जो सेट खरोखर प्लायवुडचा होता, जो शूटिंग संपताच मोडून नेला, त्याची जागा मात्र हात जोडून विचारायची!

वाईत परतल्यावर ढोल्या गणपती. तिथं दर्शन होतं, कारण देवळातही शूटिंग झालंय अशी वदंता आहे. दर्शन घेऊन मंडळी थेट बाहेर. या देवळाची मागची भिंत सपाट नाही, माशासारखी निमुळती बांधलीय. कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा तिच्यावर फाटून दोन्ही बाजूंनी निघून जावा, म्हणून. १७६२ साली गणपतराव रास्त्यांनी हे देऊळ बांधवलं, आणि तेव्हापासूनचे पूर त्या भिंतीनं अंगावर घेतलेत. तिच्यासमोर फोटोला रांग नाही.

मराठी विश्वकोश याच गावात तयार झाला, पहिला खंड १९७६ चा. पण ‘वाईत बघण्यासारखं काय?’ हे विचारायला माणसं मोबाइल काढतात आणि मोबाइल त्यांना पाचगणीचा टेबल लँड सुचवतो. गाडी पसरणीच्या घाटाला लागते.

तेव्हा पुढच्या खेपेला मिसळ जरा लवकर आटपा आणि देवळाला मागून एक वळसा घाला. दहा मिनिटंही लागत नाहीत, आणि त्या भिंतीला तिकीट नाही.